कॅमेरा कुणाच्या गळ्यात?

बाईनं नवा मिक्सर घेतला तर घरात कुणी काही विचारत नाही. शिलाई मशीन घेतलं तर 'चार पैसे मिळतील' म्हणून कौतुकच होतं. पण 'मला एक चांगला कॅमेरा घ्यायचाय' असं ती म्हणाली की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. 'फोनमध्ये आहे की कॅमेरा!' हे पहिलं वाक्य. 'आता काय लग्नाच्या ऑर्डरी घेणारेस का?' हे दुसरं. आणि समजा घरच्यांनी मनावर घेतलंच, तर बाजारात जातो कोण? इंजिनिअर झालेला भाचा, नाहीतर जाऊबाईंचा मुलगा. तो सगळ्यात मोठा, दोन-दोन लेन्सवाला कॅमेरा घेऊन येतो, चार दिवस सगळ्यांना बटणं दाखवतो, आणि महिन्याभरात तो कॅमेरा कपाटात, चांदीच्या भांड्यांच्या शेजारी. 'एवढा महागाचा कॅमेरा घेतला आणि बाईसाहेब हात लावत नाहीत,' हे पुन्हा आपणच ऐकून घ्यायचं!

मैत्रिणींनो, माझं म्हणणं अगदी साधं आहे. फोटोग्राफीचा छंद लावून घ्यायचा असेल तर पहिला कॅमेरा आपला आपण निवडावा. आपल्या हाताला पेलणारा, आपल्याला मिळतो त्या वेळेला आणि आपल्याला आवडतं त्या विषयाला जुळणारा. तो लहान असला, जुना असला तरी चालेल, पण 'घरातला' नको, आपला हवा.

'घरातला कॅमेरा' म्हणजे काय, हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको. कुणाच्या घरी अॅग्फाचा क्लिक थ्री होता. त्यात १२० चा रोल घातला की बरोबर बारा फोटो निघायचे. नंतर हॉट शॉट आला, मग कोडॅकचा छत्तीस फोटोंचा रोल घालायचा केबी-टेन आला. यातल्या प्रत्येक कॅमेऱ्याला एक मालक असायचा, आणि तो बहुतेक वेळा वडील, काका नाहीतर मोठा भाऊ. 'रोल वाया जाईल' या भीतीनं तो बायकांच्या हातात कुणी द्यायचं नाही. जुने अल्बम काढून बघा. बारशाला, मुंजीला, गड्ड्याच्या जत्रेत आपली आई फोटोत असते, पदर सावरत, उन्हानं डोळे बारीक करून. पण आईनं काढलेला फोटो? शोधून सापडणार नाही. ती फोटोत होती, फोटोच्या मागे कधी नव्हती.

आणि फोटोच्या मागे एखादी उभी राहिलीच, तरी तिचं नाव पुढं यायचंच असं नाही. होमाई व्यारावाला यांचं उदाहरण घ्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातलं. कॅमेरा त्या शिकल्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. सुरुवातीला होमाईंनी काढलेले फोटो माणेकशॉंच्या नावानं छापून येत! १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं सामान घेऊन ही बाई राजधानीत फिरायची. लाल किल्ल्यावरचा पहिला झेंडा, गांधीजींची अंत्ययात्रा, पंडित नेहरू, सगळं तिच्या कॅमेऱ्यात आहे. त्या एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या की, लोकांना वाटायचं ही बाई उगाच कॅमेरा घेऊन मिरवतेय, म्हणून कुणी फारसं मनावर घ्यायचं नाही. आणि त्याचा फायदाच झाला, कारण मग कुणी अडवायचंही नाही. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या.

त्यांच्या हातात कॅमेरे कोणते होते? रोलिफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक. स्पीड ग्राफिक म्हणजे चांगलं धूड. पण रोलिफ्लेक्स हा पोटाशी धरून, वरून खाली काचेत बघत फोटो काढायचा कॅमेरा. रोलला बाराच फोटो. म्हणजे आपल्या क्लिक थ्रीएवढेच! फोटोंची संख्या आणि कॅमेऱ्याची किंमत यावर छंद अडत नाही, एवढं यावरून कळावं.

आता 'फोनमध्ये आहे की कॅमेरा' या वाक्याकडे येऊ. ते वाक्य खोटं नाही. उलट मी तर म्हणेन, पहिले सहा महिने फोनवरच काढा. पण मन लावून काढा. आणि सहा महिन्यांनी दुपारचं सगळं आवरलं की निवांत बसून शेवटचे दोनशे फोटो बघा. कोणते फोटो मनासारखे आले नाहीत, ते वेगळे काढा. आपला पहिला कॅमेरा कोणता असावा, हे त्या फसलेल्या फोटोंमध्येच लिहिलेलं असतं. दुकानदाराला विचारायची गरज नाही.

बहुतेक वेळा फोन तीन ठिकाणी हात टेकतो. लांबचं काढताना, अंधारातलं काढताना आणि हलणारं काढताना. तुमचं घोडं यातलं कुठं अडतंय, ते ओळखायचं.

समजा लांबच्या फोटोंवर अडतंय. सोलापूरकरांना पक्ष्यांचं वेड लागायला वेळ लागत नाही. हिप्परगा तलाव आहे, गावातच कंबर तलाव आहे, माळढोकसाठी नाव झालेलं नान्नजचं माळरान आहे, आणि थंडीत उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात ते वेगळेच. फोनवर यातला प्रत्येक पक्षी म्हणजे एक ठिपका. अशांनी सुपरझूम कॅमेऱ्याचा विचार करावा. यात लेन्स बदलायची नसते, एकाच नळीत जवळचं आणि लांबचं दोन्ही. निकॉनच्या पी-९५० चा झूम ८३ पट, कॅननच्या एसएक्स-७० चा ६५ पट. तळ्याच्या काठावरून पाण्यातल्या बगळ्याच्या चोचीतला मासासुद्धा दिसतो. मात्र याचं एक गुपित दुकानात सांगत नाहीत. या कॅमेऱ्यांच्या आतला सेन्सर, म्हणजे ज्या चकतीवर उजेड पडून फोटो उमटतो ती, फार लहान असते, जेमतेम सहा बाय साडेचार मिलिमीटर. सकाळच्या उन्हात तो झकास चालतो. संध्याकाळी घरात फोटो काढायला गेलात तर दाणेदार, मळकट फोटो येतात. तेव्हा पक्षी हेच वेड असेल तरच घ्या.

अंधारावर अडत असेल तर गोष्ट उलटी. आपल्या बायकांचे कितीतरी विषय दिवेलागणीनंतरचे. हळदीकुंकू, मंगळागौर, गौरीपुढची आरास, चुलीसमोर भाकरी थापणारी आजी, देवळाच्या गाभाऱ्यातली समई. फ्लॅश मारला की या सगळ्याचा जीवच जातो. इथं मोठा सेन्सर लागतो. डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्यातला नेहमीचा सेन्सर साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा. म्हणजे सुपरझूमच्या सेन्सरच्या बारा-तेरा पट क्षेत्रफळ! मोठ्या परातीत पावसाचं पाणी जास्त साठतं, वाटीत कमी. तसाच हा हिशोब. त्याच्या जोडीला पन्नास मिलिमीटर, एफ १.८ ची एक साधी लेन्स घ्यावी. ती झूम होत नाही, आपणच दोन पावलं पुढं-मागं व्हायचं. पण समईच्या उजेडात ती चेहरा असा काही उचलते की बस्स! नवी घेतली तरी दहा-पंधरा हजारांत मिळते.

आणि हलणाऱ्यावर अडत असेल, म्हणजे नातवंडं, लेझीम, मिरवणूक, तरीही डीएसएलआर किंवा मिररलेसच. बटण दाबल्याबरोबर फोटो निघतो, फोनसारखा 'थांब थांब, आता काढते' असा खेळ होत नाही.

या दोन नावांचा घोळ पुष्कळजणींच्या मनात असतो. डीएसएलआरच्या आत आरसा असतो, त्यावरून उजेड डोळ्यापर्यंत येतो. मिररलेसमध्ये तो आरसा काढून टाकलाय, त्यामुळे कॅमेरा हलका झालाय, आणि फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. कंपन्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर आहे. साधे डीएसएलआर नवे निघणं जवळजवळ थांबलंय. म्हणूनच जुन्या बाजारात चांगले डीएसएलआर भरपूर आहेत आणि स्वस्त आहेत. नवा मिररलेस लेन्ससकट घ्यायचा तर साधारण पन्नास हजारांपासून पुढे जावं लागतं. निकॉनचा डी-५६००, कॅननचा २००डी असे कॅमेरे जुन्यात त्याच्या निम्म्याच्या आत-बाहेर मिळून जातात. छंदाची सुरुवात करणारीनं जुना डीएसएलआर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेल्या पैशांत ती पन्नासची लेन्स, एक जादा बॅटरी आणि दोन चांगली कार्डं येतात. शिवाय जुन्या वस्तूला हात लावायची भीती वाटत नाही, आणि भीती गेल्याशिवाय छंद लागत नाही.

फक्त जुना घेताना भाजी निवडतो तसा निवडून घ्यावा. लेन्समधून विजेरीचा उजेड सोडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर नमस्कार करून बाहेर पडायचं. शटर किती वेळा चाललंय तो आकडा विचारा. साधे डीएसएलआर साधारण एक लाख क्लिकच्या हिशोबानं बनवलेले असतात, तेव्हा वीस-तीस हजार झालेला कॅमेरा म्हणजे अजून तरणाच. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरचे डाग लगेच कळतात. पावती मागा. आणि ती पावती आपल्या नावानं करून घ्या, बरं का! हसू नका. स्कूटीचे कागद आपल्या नावावर असले की किल्ली मागावी लागत नाही. कॅमेऱ्याचंही तसंच आहे.

दुकानात आणखी तीन गोष्टी स्वतः करून बघायच्या. पहिली, कॅमेरा पाच मिनिटं हातात धरून उभं राहायचं. निकॉनचा डी-३५०० बॅटरी-कार्डासकट ४१५ ग्रॅमचा, कॅननचा आर-५० मिररलेस ३७५ ग्रॅमचा आणि तो पी-९५० चक्क एक किलोचा. लेन्सचं वजन पहिल्या दोघांत वरून वेगळं. एक किलो म्हणजे ज्वारीच्या पिठाची पिशवी झाली. ती गळ्यात अडकवून, एका हातात नातवाचा हात धरून जत्रेत फिरायचंय, हे ध्यानात ठेवा. भाच्याच्या पंज्याला बसणारा कॅमेरा आपल्या बोटांना बसेलच असं नाही.

दुसरी, डोळा लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, आहे का ते बघायचं. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना याचं महत्त्व कळणार नाही. एप्रिल-मेच्या सोलापूरच्या उन्हात जे उभे राहिलेत त्यांना कळेल. त्या उन्हात पडद्यावर स्वतःच्याच चेहऱ्याशिवाय काही दिसत नाही! व्हिडिओसाठी म्हणून निघालेल्या काही मिररलेस कॅमेऱ्यांना ही खिडकीच नसते, निकॉनच्या झेड-३० ला नाही, सोनीच्या झेडव्ही-ई१० ला नाही. आपल्या गावाला ते सोयीचे नाहीत.

तिसरी गोष्ट, मागचा पडदा बाहेर उघडून फिरवता येतो का. हे मी का म्हणते, त्याला एक कारण आहे. सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत जहीराबाद लागतं. तिथं जवळच पस्तापूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेत शेतकरी बायका व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. बहुतेक दलित समाजातल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना आपली नावं दिली. वरून खाली बघणारा तो 'पटेल शॉट', कारण पाटील गरिबाकडे तसाच बघतो. खालून वर बघणारा तो 'गुलामाचा शॉट'. आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेला तो 'संघम शॉट', कारण त्यांच्या संघमात, म्हणजे बायकांच्या मंडळात, सगळ्याजणी सारख्याच उंचीवर बसतात. फोटोग्राफीच्या जाड पुस्तकांतून मला जे उमगलं नाही, ते या तीन नावांनी उमगलं. आपल्याकडे विडी वळणारी बाई जमिनीवर बसलेली असते, भाजीवाली जमिनीवर बसलेली असते, खेळणारं मूल जमिनीवर असतं. उभ्यानं फोटो काढला की तो पाटलाचा फोटो होतो. पडदा फिरणारा असला तर गुडघे दुखत असले तरी कॅमेरा खाली नेता येतो. डी-५६०० आणि २००डी दोन्हींना असा पडदा आहे. डी-३५०० ला नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्याला मात्र भुलू नका. आठ बाय बारा इंचाचा चांगला प्रिंट काढायला नऊ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. बारा बाय अठराच्या प्रिंटला वीस पुरतात. साध्या डीएसएलआरलासुद्धा बहुधा चोवीस असतात. भिंतीवर होर्डिंग लावायचंय थोडंच! त्यापेक्षा दुरुस्तीला कॅमेरा कुठं द्यायचा, गावात की पुण्याला पाठवायचा, हे आधी विचारून ठेवा. आणि घरी आणल्यावर त्याला कपाटात कुलपात ठेवू नका. एक हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका आणि तो डबा हाताशी येईल अशा फळीवर ठेवा. गावातली धूळ, लूममधली कापसाची पिंज यांपासून कॅमेरा वाचतो आणि आपल्या नजरेसमोरही राहतो. नजरेआड झालेला छंद लवकर विसरतो.

पैशांचं काय, असं विचाराल. भिशीचा एक नंबर आपल्यासाठी ठेवायला काय हरकत आहे? दरवेळी भिशी लागली की फ्रीज नाहीतर मुलाची फी. एखादी भिशी आपल्या डोळ्यांसाठी! 'यातून मिळणार काय?' या प्रश्नाला मी तरी उत्तर देत नाही. गावात क्रिकेट बघण्यात, कट्ट्यावर बसण्यात किती तास जातात, त्याचा हिशोब कुणी कुणाला मागत नाही. मग बाईच्या छंदालाच तेवढा धंद्याचा दाखला का लागावा?

आणि खरं सांगू? सोलापूरसारख्या गावात बायकांच्या कॅमेऱ्यापुढे जे येतं ते इतरांच्या कॅमेऱ्यापुढे येतच नाही. गड्ड्यात सात नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंद्या घातलेले मानकरी यांचे फोटो दरवर्षी निघतात, निघावेतच. पण त्याच दिवशी पहाटे घरात भोगीची भाजी-भाकरी करणारे हात, माहेराला आलेल्या लेकीच्या केसात फुलं माळणारी आई, मराठी-कानडी-तेलुगू अशा तीन भाषांत एकाच अंगणात चाललेल्या गप्पा, हे कुणी टिपायचं? तिथं आपल्याला सहज जाता येतं, बसता येतं, आणि 'काढू का गं फोटो?' असं विचारता येतं. विचारायचंच, बरं. विडी वळणारी मावशी दमलेली असेल, तिला नको असेल, तर कॅमेरा खाली ठेवून तिच्याशी दोन शब्द बोलायचे. काढलाच तर पुढच्या वेळी एक प्रिंट नेऊन तिच्या हातात द्यायचा. मग ती स्वतः शेजारणीला हाक मारेल.

कॅमेरा घेतल्यावर एक नेम मात्र करा. महिन्याला निदान पाच प्रिंट काढून आणायचे. फोनमधले फोटो फोनबरोबर जातात; कागदावरचे राहतात. आणि प्रत्येक प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं लिहायचं, कुणाचा फोटो, कुठं, कोणत्या तारखेला. आणि त्याखाली, कुणी काढला तेही. आपलं पूर्ण नाव.